लॉनची पट्टी

वर्षालीने अकोल्याहून सकाळची बस धरली, तेव्हा कडेवरची चिमी कालच्या तापातून जेमतेम सावरली होती. पण बाबांचा फोनवरचा आवाज तिला घरी बसू देईना. धाकट्या प्रणालीचं लग्न अमरावतीत, बडनेरा रोडच्या एका लॉनवर ठरलेलं. पंचवीस हजार इसार देऊन आलेले तिचे बाबा, सहदेवराव, आठ दिवसांनी म्हणत होते, "माह्या समजण्यात काही तरी चुकलं, बाई."

लॉनच्या ऑफिसात बाबांसोबत तिने हिशेबाचा कागद पाहिला. जेवणाची चारशे पानं, पानाला साडेचारशे. एक लाख ऐंशी हजार. खाली सर्व्हिस चार्ज दहा टक्के. त्याच्या खाली जीएसटी अठरा टक्के. तळाशी दोन लाख तेहतीस हजार सहाशे चाळीस.

"बाबा, तुमी तर म्हनत होते, दोन लाखात बसते?"

"वरची रक्कम पाहूनच म्हनलं. मले वाटलं, खालचं सारं लॉनवाल्याच्या पैशातून कापल्या जाते."

वर्षालीला हसूही येईना. नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात झेंडू, शेवंती पिकवणाऱ्या या माणसाने तीस वर्षं एकच कागद वाचला होता, फूलबाजारातली पट्टी. वर मालाची रक्कम, खाली अडत्याची अडत, हमाली, तोलाई यांची कपात, आणि तळाशी उरेल ते आपलं. विकणाऱ्याचंच कापलं जातं, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की इसार देताना त्यांना लॉनवाल्याची दया आली होती म्हणे.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "प्रणालीच्या फीचे ठेवले हायेत, त्यातून भरतो."

प्रणालीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं. सासरचे शिकवायला तयार होते, फी मात्र माहेराने भरायची ठरली होती.

"फीले हात लावाचा नाही," वर्षाली म्हणाली आणि मॅनेजरकडे वळली. "गजेंद्रभाऊ, हे कमी करा."

"ताई, सरकारी टॅक्स हाय. माह्या हातात काय हाय?"

"टॅक्स देतो ना. तुमचा जीएसटी नंबर मी घरूनच तपासून आली. लग्नाआधी तीन वर्षं कर सल्लागाराच्या ऑफिसात हेच काम केलं. पक्कं बिल पाहिजे, बस. पन हा सर्व्हिस चार्ज कोनत्या सरकारचा?"

"तो आमचा हाय. वाढप्यायचा."

"पंगत तर आमच्या गावची पोरं वाढनार हायेत. इसार देतानाच बाबांनी सांगतलं होतं ना? जे तुमी वाढनार नाही त्याचे अठरा हजार, अन त्या अठरा हजारावर आनखी टॅक्स!"

गजेंद्रने पेन खिशाला लावलं. "पटत नसन तं दुसरं लॉन पाहा. इसार वापस भेटत नाही."

तेवढ्यात चिमीने भोकाड पसरलं. वर्षालीने खुर्ची भिंतीकडे वळवली, ओढणी पसरली आणि लेकीला पाजायला घेतलं. तळव्याला तिची पाठ लागली, ताप नव्हता. इवल्या मुठीने ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं.

"बसली मी, भाऊ," ती भिंतीकडे पाहूनच म्हणाली. "हिचं पोट भरेपर्यंत कागद नवा करा. नाही झाला, तर इथंच झोपवतो हिले."

गजेंद्र कॅलेंडर बघू लागला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सहदेवराव उठले होते. त्यांनी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. नखात शेतातली काळी माती होती.

"अडत्याले मी कधी इचारलं नाही, काहून कापलं म्हनून. तुमाले इचारतो. वाढतीन माही मानसं, तं पैसे तुमाले काहून?"

बोट ओळीवरून हललं नाही. शेवटी गजेंद्रने खिशातलं पेन काढलं आणि बोटाच्या कडेकडेने ओळ खोडली.

"दोन लाख बारा हजार चारशे," त्याने पुटपुटत लिहिलं. "याच्या खाली नाही येत, काकाजी."

म्हणजे बाबांकडच्या दोन लाखांना अजून बारा हजार चारशे कमीच. सहदेवराव लेकीकडे पाहू लागले. तिने मोबाइलवर आकडे मांडले. "तीनशे शहात्तर पानं करा, बाबा. टॅक्स धरून दोन लाखाच्या आत बसते."

"लग्नातून चोवीस मानसं कमी करू? कोनती?"

त्यांनी खिशातून यादी काढली. पहिल्या पानावर, सोयऱ्यांच्याही आधी, मानाने लिहिलेलं अडत्याचं घर होतं: भाऊबंद, भागीदार, मुनीम, जावई. त्यांनी एकेका नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "गजेंद्रभाऊ, पेन द्या बरं."

वरून खालपर्यंत एकच तिरपी रेघ ओढून त्यांनी मोजलं.

"सव्वीस झाले, बाई. दोन पानं उरतात."

"मग?"

"बाजारातले दोघं हमाल हायेत ना, माह्या टोपल्या उचलतात ते. त्यायले कोनीच बोलावत नाही." त्यांनी यादीच्या अगदी वर, जागा करून, दोन नावं लिहिली.