दारातली फ्रेंच

संघमित्राच्या घरात महिनाभर एकच शब्द चालला होता. नाँ.

फ्रेंचमध्ये नाँ म्हणजे नाही. तिचा थोरला भाऊ धम्मपाल घाटकोपरला रिक्षा चालवतो. आठवीनंतर त्यानं पुस्तकाचं तोंड बघितलं नाही, पण हा एक शब्द असा घोटला होता की फ्रान्सचा माणूस चाट पडावा. बरोबर नाकातून काढायचा.

"दादा, अजून एक भाकरी?"

"नाँ."

"आमटी तरी?"

"नाँ."

"मग ऱ्हा उपाशी," त्यांची आई शकु म्हणायची. "आणि रिक्षात कोणी बसायला आलं की त्यालाही नाँच म्हण."

"त्याला मराठीत म्हणतोच की."

मस्करी वाटेल, पण मस्करी नव्हती. संघमित्रा नर्स. टेकडीवरच्या वस्तीत हेल्थ पोस्टवर अकरा वर्षं झाली, तरी कंत्राटीच. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही. तिला कॅनडाला जायचं होतं. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा मार्क काठावर. आणि काठावरच्या माणसाला तिकडून बोलावणं येत नाही. अंधेरीच्या एजंटनं फाईल परत करता करता सहज सांगितलं, "मॅडम, त्या देशात सरकारी भाषा दोन आहेत. इंग्रजी आणि फ्रेंच. खिडकीवर दोन्ही चालतात, दोन्हीला सारखा मान. सध्या तर फ्रेंचवाल्यांना वेगळी रांग लावून बोलावतायत. आणि रांग छोटी आहे."

बास. ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं. वस्तीतल्या निम्म्या बायकांचे फॉर्म तीच भरून द्यायची, कारण फॉर्म इंग्रजीत आणि बाई मराठीत. खिडकीमागचा साहेब आधी विचारतो, बाई, तुम्ही कुठल्या भाषेत बोलणार, असं सरकार असतं हेच तिला नवं होतं. भाषा दोन्ही परक्या, पण निवड तर आपली.

दीड वर्ष ती ड्युटी संपवून मुलुंडला क्लासला गेली. शिकवणारी रुचिरा तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण व्याकरणाला कडक. क्रियापद चुकलं की टेबलावर पेन आपटायची. वाचणं जमलं, ऐकणं जमलं, लिहिणंही जमलं. बोलण्यात मात्र जानेवारीत वाट लागली.

त्या परीक्षेचा शेवटचा भाग असा, की परीक्षक तुमचा मित्र होतो. तुमच्या हातात एक जाहिरात देतात. त्यातल्या गोष्टीला मित्राला तयार करायचं, आणि तो नाही म्हणत राहणार. दहा मिनिटं. संघमित्रानं पाठ केलेलं सगळं घडाघडा बोलून दाखवलं. परीक्षक म्हणाला, नाँ. त्यावर ही शुद्ध फ्रेंचमध्ये म्हणाली, "ठीक आहे, धन्यवाद, येते मी." आणि उठली. दीड मिनिटात. साडेआठ मिनिटं तशीच टेबलावर ठेवून.

आता मे महिन्यात दुसरी परीक्षा होती, आणि जूनमध्ये तिला पस्तिसावं लागणार होतं. तिकडे तिशीनंतर दर वाढदिवसाला गुण कापतात. एजंटनं आकडे मांडून दाखवले होते. या खेपेला बोलणं पडलं, तर फाईल कायमची बंद. म्हणून तिच्या सरावासाठी दादा नाँ म्हणत होता. तरी घरातसुद्धा ती अडकायची. बरोबर क्रियापद शोधत बसायची आणि तोंडातलं तोंडातच राहायचं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी पोलिओचे डोस होते. लसीचा डबा जड, म्हणून धम्मपाल रिक्षा टेकडीच्या पायथ्याला लावून स्वतःच डबा घेऊन तिच्याबरोबर वर चढला. शेवटचं दार काशीरामचं. म्हातारा सत्तरीचा, एक नंबरचा हट्टी. मागच्या दोन्ही फेऱ्यांना नातवाला डोस देऊ दिला नव्हता.

"आलीस?" काशीराम म्हणाला. "नाही म्हणजे नाही."

"मी कुठं काय बोलले, काका? ऊन बघा केवढं. पाणी तरी द्या."

संघमित्राचा हा जुना हिशेब. ज्यानं पाणी दिलं तो माणूस अर्धा आपला झाला. ती उंबऱ्यावर टेकली, पाणी प्यायली. मग गुडघा कसा आहे. मग नातवाचं नाव कोणी ठेवलं. म्हातारा मधेच ओरडायचा, नाही म्हणून सांगितलं ना. ही म्हणायची, बरं, आणि काकू गावाला कधी गेल्या? वीस मिनिटांनी काशीराम आपणहून नातवाला कडेवर घेऊन बाहेर आला. दोन थेंब जिभेवर, डाव्या करंगळीला शाईची खूण, दारावर खडू, चला पुढं.

उतरताना धम्मपालनं विचारलं, "किती वेळा नाही म्हणाला गं?"

"मी नाय मोजलं."

"मी मोजलं. अकरा वेळा. तू एकदा पण उठली नाहीस. मग त्या फ्रेंच काशीरामला एका नाँवर का सोडून आलीस?"

"ते वेगळं असतं, दादा. तिथं व्याकरण बघतात."

"मग काय? उंबऱ्यावर बसता येत नाही का व्याकरणात?"

 त्या दिवसापासून तिनं पाठांतराची वही उघडली नाही.

या खेपेचा परीक्षक पांढऱ्या दाढीचा, चष्मेवाला, सभ्य माणूस होता. जाहिरात निघाली गल्लीतल्या गाण्याच्या गटाची. दर गुरुवारी सगळ्यांनी मिळून गायचं. संघमित्रानं विषय काढायचा अवकाश, तो म्हणाला, "नाँ. मला गाता येत नाही."

 "ठीक आहे, धन्यवाद" अगदी ओठावर आलं. पण तो नाँ थेट दादाच्या नाकातून आल्यासारखा होता. तिला हसू आलं, आणि ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "असू दे. आधी जरा पाणी मिळेल?"

परीक्षक गोंधळला. टेबलावर जग होता. त्यानं ग्लास भरून पुढं सरकवला.

ती सावकाश प्यायली. माणूस अर्धा झाला.

"तुमचा आवाज बसलाय. कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून. म्हणून तर नाही म्हणतोय."

"बरं. घरात कोण गायचं?"

"आई," तो म्हणाला. आणि घटकाभर आपण मित्राचं सोंग घेतलंय हे विसरून गेला. "स्वयंपाक करताना गायची."

मग तर काय, दारच उघडलं. गुरुवारी काम असतं, मग कामानंतर या. लांब पडतं, मी येते घ्यायला. बायको हसेल, हसू द्या, हसली म्हणजे ऐकतेय. दोन ठिकाणी क्रियापद पडलं. तिला कळलं, पण ती उचलायला वाकली नाही, पुढं गेली. आठव्या मिनिटाला परीक्षकानं हात टेकले. "बरं बाई, एक गुरुवार येतो. एकच."

संघमित्रानं खूश होऊन त्याचा डावा हात धरला, करंगळी सरळ केली आणि दुसऱ्या हातानं शाईचं पेन शोधायला लागली.

मग भानावर आली. "माफ करा. सवय आहे." आणि ती सवय कसली, तेही फ्रेंचमध्येच समजावून सांगितलं. तिचं सांगून होईपर्यंत परीक्षकानं करंगळी तशीच वर धरली होती.

निकाल पाच आठवड्यांनी मोबाइलवर आला. दादाच्या रिक्षात मागे बसून तिनं बघितला. चार भागांत सगळ्यात जास्त मार्क बोलण्यात होते. तिनं रुचिराला फोन लावला.

"बोलण्यात एवढे?" रुचिरा म्हणाली. "तुम्ही असं काय बोललात?"

"पाणी मागितलं."

अर्ज तिनं फ्रेंचमध्येच भरला. बोलावणं आलं, मेडिकल झालं, आणि पुढच्या वर्षी शेवटचं पत्र आलं, तेही फ्रेंचमध्ये, तिच्या नावानं. पेढे घेऊन ती सगळी टेकडी चढली. एकाही दारावरून पुढं जाऊ देईनात. काशीरामनं पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "ह्यातलं एक अक्षर कळत नाही, पण खरं असणार. हिच्यापुढं कोण टिकतंय."

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. धम्मपाल दारात रिक्षा पुसत होता.

"दादा, तीन तारखेचं विमान आहे. सोडायला येशील ना?"

"नाँ."

आई हसली. मग तिनं लेकाचा चेहरा बघितला. आजचा नाँ नाकातून आला नव्हता.

संघमित्रानं पेढ्यांचा रिकामा बॉक्स बाजूला ठेवला, पदर सावरला आणि उंबऱ्यावर बसली.

"बरं," ती म्हणाली. "आधी जरा पाणी दे."

धम्मपाल फडकं हातात धरून उभा राहिला.  मग फडकं हँडलवर टाकून आत गेला, आणि माठावरचं झाकण वाजलं.