विश्वजीतच्या पानावरची रिकामी ओळ

मनात एकदा पाल चुकचुकली की यशस्विनीला घास गोड लागत नसे. या वेळी पाल चुकचुकली तीही नेमकी लग्नाच्या बाबतीत. मराठी मंडळाच्या वधू-वर साइटवर विश्वजीतचं पान होतं. उंची, शिक्षण, नोकरी, कुलदैवत सगळं जागच्या जागी, आणि 'लग्नानंतरच्या अपेक्षा' या शब्दांपुढं काहीच नाही. इतरांची पानं तिनं पाहिली नव्हती. इतरांशी तिला थोडंच लग्न करायचं होतं! रविवारी होकार की नकार ते कळवायचं होतं. मुलगा तिला आवडला होता, हीच तर पंचाईत.

तिनं मंडळाच्या भवानीबाईंना फोन लावला.

"मावशी, त्यांनी ही ओळ भरलीच नाही का?"

"अय्यो, असं कसं होईल? ती ओळ कोरी असली तर मी फॉर्म परत पाठवते. सगळं मीच बसून टाइप केलंय गं. काय लिहिलं होतं ते मात्र आता आठवत नाही."

म्हणजे भरलं होतं आणि मागाहून काढलं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे यशस्विनीनं तिथंच ठरवून टाकलं.

हिनकलला हॉटेलात कॉफी घेताना तिनं विश्वजीतला सरळ विचारलं. तो म्हणाला, "लिहिलंय की. नोकरी करत राहणारी मुलगी हवी, असं. माझ्या आईला नोकरी सोडायला लावली, ती अजून झुरते. घरात पुन्हा तसं नको." मग त्यानंच विचारलं, "तुम्ही सोडणार नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. पण तोंडी काय, कोणीही काहीही सांगेल. आईची गोष्ट तर फारच सोयीची वाटली तिला. काय करणार, स्वभाव!

साइट जरा बघून देते म्हणून तिनं भवानीबाईंकडून पासवर्ड मिळवला. सहा वर्षं ऑफिसात जावा या संगणकाच्या भाषेत कोडच लिहीत होती, तिला कोण फसवणार? शनिवारी दुपारी विजयनगरच्या घरी दार लावून बसली. आधी डेटाबेस उघडला. मजकूर तिथं होता. कोणी खोडला नव्हता. मग कोणी लपवला? आता तिचा संशय साइट बनवणाऱ्यावर गेला. तो विश्वजीतचा नातेवाईक असणार, दुसरं काय!

कोड वाचत गेली तसा तिचा ताठा उतरत गेला. माणसाची माहिती जावाच्या एका डब्यात, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये असते, आणि वेबपान त्यात थेट डोकावत नाही. त्याला उंची हवी तर ते उंची सांगणाऱ्या कोडच्या तुकड्याला विचारतं, त्या तुकड्याला गेटर म्हणतात. बाकी सगळ्या माहितीला गेटर होते. अपेक्षांची ओळ नंतर जोडली होती, ती नुसती उघडी ठेवली आणि गेटर लिहायचा राहिला. पान अडखळायला लागलं तसं त्या बहाद्दरानं गेटर लिहिला नाही, ती चूकच गिळून टाकायची सोय केली. म्हणून त्या जागी कोरं दिसायचं. नातेवाईक नाही, कारस्थान नाही, नुसता आळस.

तिनं तीन ओळींचा गेटर लिहिला आणि साइट पुन्हा चढवली. विश्वजीतच्या पानावर उमटलं: 'मुलीनं नोकरी करत राहावं. सोडायची इच्छा असलेल्यांनी कृपया कळवू नये.' अगदी तो बोलला तेच. यशस्विनीला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं लगेच त्याला लिहिलं, 'साइटमधली चूक होती, दुरुस्त केली. मी उगीच तुमच्यावर संशय घेतला. माफ करा. आता सगळ्यांची ओळ दिसतेय, बघा.'

दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'बघितली. तुमचीसुद्धा. मग हॉटेलात खोटं का बोललात?'

तिनं स्वतःचं पान उघडलं. 'मुलगी लग्नानंतर नोकरी सोडेल. सासरच्यांची इच्छा तीच तिची.'

बाहेरच्या खोलीत तिचे वडील, मल्हारराव, पेपर वाचत होते.

"अप्पा, माझा फॉर्म कोणी भरला होता?"

"मीच. का गं?"

"नोकरी सोडेन म्हणून लिहिलंत?"

"सुम्ने, उगीच आपलं लिहिलं गं," त्यांनी पेपर खाली केला. "मुलाकडच्यांना बरं वाटतं. नंतरचं नंतर बघता येतं. आणि ते तर कुठं दिसतही नव्हतं."

ती आत आली. मजकूर बदलायला तिला अर्धं मिनिट लागलं असतं, पण त्यानं वाचून झालं होतं, आणि साइट तिच्या हातात आहे हे तिनंच त्याला कळवलं होतं. तिनं टाइप केलं, 'ते मी लिहिलेलं नाही. अप्पांनी लिहिलं, मला न विचारता. मी नोकरी सोडणार नाही.' अक्षर न् अक्षर खरं होतं. पाठवायच्या आधी तिनं एकदा वाचून पाहिलं. हेच उत्तर विश्वजीतनं तिला पाठवलं असतं, तर तिनं त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नसता.