भेसळ

“परत सांगा ना सर, नीट ऐकू आलं नाही,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. उजवा हात अजून लुळा होता, म्हणून डाव्या हाताने त्यांनी वेदनेचे दोन शब्द लिहिले होते. स्पॅनिश ‘दोलोर’, पोर्तुगीज ‘दोर’. मधला ‘ल’ पोर्तुगीजांच्या तोंडातून कधी आणि का गळाला, या एका प्रश्नावर त्यांनी उभी हयात घालवली होती. त्यावरच प्राध्यापकी मिळाली, देशोदेशी व्याख्यानं झाली, दरारा निर्माण झाला.

“पोर्तुगीजमध्ये...” ते म्हणाले, “दोलोर.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांना हसणं ऐकू आलं, चूक ऐकू आली नाही.

“आणि चंद्राला, सर?” मुलीचा आवाज मोठा साळसूद होता.

“पोर्तुगीज लूना. आणि स्पॅनिश... लूआ.”

पुन्हा अदलाबदल झाली होती. आता अख्खा वर्ग हसला.

“गप्प बसा! गाढवांनो, तोंडात जिभा आहेत की खेटरं?”

मेंदूला झटका येण्याआधी या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा. आज एकाने मोबाइल वर धरला.

शेवटच्या बाकावर विभागप्रमुख बाई बसल्या होत्या, एके काळच्या सरांच्याच विद्यार्थिनी. आजारपणानंतर सरांना पुन्हा शिकवायला जमतंय का, हे त्यांनी ठरवायचं होतं. ते तर पहिल्या पाच मिनिटांतच ठरलं होतं. तरी त्या उठल्या नाहीत. पोरांना एकेक शब्द विचारू दिला, सरांना एकेक शब्द चुकू दिला, थेट घंटा होईपर्यंत.

वर्ग रिकामा झाल्यावर त्या पुढे आल्या.

“अगं, पहिलाच तास,” सर घाम पुसत म्हणाले. “जीभ जरा जड आहे. पुढच्या वेळी बघ तू.”

“पुढची वेळ नाही, सर. मी नकार कळवतेय.”

“मग मला मधेच थांबवायचं होतंस! पोरं हसत होती.”

“मला कुठे थांबवलं होतंत तुम्ही?” बाई शांतपणे म्हणाल्या. “दोन भाषांची भेसळ केली म्हणून खुर्चीवर उभं केलंत. रडायला लागले तरी तोच शब्द म्हणायला लावलात. सगळे हसत होते. सगळ्यांत मोठ्याने तुम्ही.”

सरांनी आठवून पाहिलं. खुर्चीवर त्यांनी पुष्कळांना उभं केलं होतं. ही त्यांतली कोणती, काही केल्या आठवेना.

“पण त्यामुळे शिकलीस ना?”

“हो,” बाई म्हणाल्या. “चांगलंच शिकले.”

त्यांनी डस्टर उचललं आणि फळा स्वच्छ पुसला.

घरी बायकोने दार उघडलं.

“कसा झाला तास?”

“बरा झाला.”

तिला त्या भाषांतलं ओ की ठो कळत नसे. ‘हिच्या डोक्यात काय शिरणार?’ म्हणून पाहुण्यांदेखत सरांनी तिचं कितीदा हसं केलं होतं. पण सर अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचा सराव तीच घेत होती, रोज, घरातल्या एकेका वस्तूकडे बोट दाखवून.

आजही तिने पाणी दिलं, समोर खुर्ची ओढली आणि खिडकीकडे बोट केलं.

सर खिडकीकडे वळले. मग दोन शब्द पुटपुटले. कोणता कुठल्या भाषेतला, ते त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“बरोबर आहे ना गं?”

“अगदी बरोबर,” ती म्हणाली आणि तिने दाराकडे बोट केलं.