थरथरणारा बाण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि तोही जोडकामाचा. एका दुरुस्तीवाल्याने दुकानाच्या मागच्या खोलीत मला उभे केले. पेटी एकाची, पडदा दुसऱ्याचा, कळफलक तिसऱ्याचा. तरीही माझा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा तो माणूस माझ्याकडे पाहून समाधानाने हसला. जन्माच्या वेळी कुणीतरी हसले, एवढे भाग्य मला पुरले.

ज्या घरात मी आलो तिथे तीनच माणसे होती. बाबा छापखान्यात कामाला होते. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढी चूक झाली तरी काच तडकते, पण आईचा त्या कामात हातखंडा होता. त्यांच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. ती बॅडमिंटन खेळायची आणि घरातही एका जागी टिकायची नाही, म्हणून ते नाव पडले होते.

आठवडाभर मला कुणी विचारत नसे. आईने माझ्यासाठी कापडाचा झगा शिवला होता, तो पांघरून मी खिडकीजवळ गप्प बसायचो. शनिवार उजाडला की मात्र घराला जाग यायची. भिंगरी रॅकेट घेऊन मैदानावर जायची. बाबा सायकल उलटी करून तिच्या साखळीला तेल घालायचे आणि मग काळ्या हातांनीच माझ्यासमोर बुद्धिबळ खेळायला बसायचे. हरले की दोष माझाच. "हा लबाडी करतो," असे ते आईला खुशाल सांगायचे. दुपारी जेवणाचे टेबल पुसून, मधे पुस्तकांची रांग लावून, नवराबायको टेबल टेनिस खेळत. बाबा दरवेळी हरायचे. तिथे लबाडी कुणाची, ते मात्र बोलायचे नाहीत.

खेळ झाला की आईची वेळ यायची. तिला भरतकामाचे वेड होते. पडद्यावर बारीक चौकटी आखून ती त्यात एकेक रंग भरायची, आधी माझ्यावर नमुना आणि मग कापडावर टाका. पाने, पक्षी, वेलबुट्टी, सगळे माझ्या पोटात साठत गेले. तिच्या हातातला माऊस इतका हलका चालायचा की पडद्यावरचा बाण पाण्यावरून सरकतोय असे मला वाटे. मित्रांनो, मी सुखात होतो.

मग एका शनिवारी बाण थरथरला.

अगदी जरासाच. निळ्या चौकटीत लाल रंग पडला. आईने तो पुसला, पुन्हा भरला, आणि तो पुन्हा शेजारच्या चौकटीत गेला. तिने उजवे मनगट डाव्या हाताने धरून पाहिले. तेवढ्यापुरता बाण स्थिर झाला.

पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही. आई बाबांना म्हणाली की माऊस बिघडलेला दिसतो. बाबांनी संध्याकाळीच नवा आणला. तोही तसाच थरथरू लागला. मग कळफलक झटकून झाला. मग खालची रबरी गादी बदलली. शेवटी मला जन्म देणाऱ्या त्या दुरुस्तीवाल्यालाच बोलावणे गेले. त्याने माझी पेटी उघडून धूळ काढली आणि माऊस हातात धरून पडद्यावर एक लांब रेघ ओढली. रेघ दोरीसारखी सरळ आली. "काहीच बिघाड नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच. त्याच्या हातात सरळ चाललेला बाण आईच्या हातात का वाकतो, हे विचारायला हवे होते. कुणीच विचारले नाही. मला सगळे दिसत होते, पण मला तोंड कुठे होते?

टेबल टेनिसमध्ये बाबा जिंकू लागले. इतक्या वर्षांनी जिंकतोय म्हणून ते स्वतःवरच खूश होते. आईला चिडवायचे, गुणांची बढाई मारायचे. आई हसायची. एके दिवशी तिने बॅट कपाटावर ठेवली आणि म्हणाली की आता कंटाळा आला. बाबांना ते खरे वाटले. भिंगरीही एकदा वैतागून बोलून गेली, "आई, तुला नाही जमत आता हे. राहू दे ना." आईने मला बंद केले आणि झगा घातला. झग्याची नाडी बांधायला तिला फार वेळ लागला.

तिकडे दुकानात काय चालले होते, ते तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हते; मलाही ते पुष्कळ नंतर कळले. तिच्या हातून काचा फुटू लागल्या होत्या. मालकाने तिला काचा घासायच्या चाकावरून उठवून गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवायला उभे केले होते. ही गोष्ट तिने घरी सांगितली नाही.

असे बरेच महिने गेले. मग भिंगरीच्या संघाला शर्टावर शिवायला एक चिन्ह हवे होते, झेप घेणारा पक्षी. रविवारची सकाळ होती. भिंगरी आईच्या मागे लागली. आई नको नको म्हणत बसली. पंखाची रेघ काही केल्या जमेना. शेवटी घाईत असलेल्या भिंगरीने आईच्या हातावर आपला तळवा ठेवला, बाण नीट न्यावा म्हणून.

आणि ती तशीच थांबली. त्या तळव्याखाली काय चालले होते ते तिला कळले. मला ते कितीतरी आधीपासून माहीत होते.

"आई, हा हात कधीपासून असा होतोय?"

"पहिला माऊस बदलला ना, त्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

आई पडद्याकडेच पाहत राहिली. "तुम्ही सगळे मशीन दुरुस्त करत होतात. मलाही वाटायचं, देवा, मशीनच असू दे."

स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे होते. त्यांच्या हातात सायकल पुसायचे फडके होते. ते आत आले नाहीत, तिथेच खाली बसले.

डॉक्टरांनी सांगितले की हा मज्जातंतूंचा आजार आहे. औषधाने आवरता येईल, बरा होणार नाही. आधी आला असतात तरी आजार तोच असता, असेही ते म्हणाले. बाबांना त्याने धीर आला नाही. ते रात्री जेवताना भिंगरीला म्हणाले की आजाराचे सोड, पण एवढे दिवस ती एकटी घाबरत होती आणि मी जिंकल्याचा आनंद करत होतो. आईने त्यांना गप्प बसायला सांगितले. पुढे तिने दुकान सोडले. शनिवार-रविवार घर भरलेलेच असते, पण जेवणाच्या टेबलावर आता नुसते जेवण होते.

मीही म्हातारा झालो. सुरू व्हायलाच अर्धी सकाळ घेऊ लागलो. नवा, पातळ, बिनआवाजाचा भाऊ आला आणि मला कोपऱ्यात जमिनीवर ठेवले. त्यात कुणाचा दोष नाही. उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे.

आज दुपारी भिंगरीने मला शेवटचे सुरू केले. आईचे सगळे नमुने ती दुसरीकडे नेत होती. पाने गेली, पक्षी गेले. शेवटी तो अर्धवट राहिलेला, वाकड्या पंखाचा पक्षी आला. तिने आईला विचारले की हा पुसून टाकू का.

"नको," आई म्हणाली. "तोही घे. तो माझ्याच हातचा आहे."

भिंगरीने तो घेतला.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, आमच्यावरची धूळ पुसा, हे मी सांगणार होतो. पण ते राहू द्या. आम्ही बिघडलो तर आमच्या जागी दुसरा येतो. तुमच्या घरात कुणाच्या हातून एखादी वस्तू वरचेवर सांडू लागली, चुकू लागली, तर त्या वस्तूला बोल लावण्याआधी त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि त्याचा हात हातात घ्या. ते काम आम्हाला करता येत नाही.