मास्तरांच्या जागी चष्मेवाले

आमच्या इमारतीत मला पाठीमागे भोंगा म्हणतात. मला माहीत आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. समोरच्या इमारतीत गॅस भडकला, जिन्यात माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचं धाबं दणाणलं. सराव करायचा ठरला. पुढाकार कोण घेणार म्हटल्यावर सगळ्यांनी एका सुरात मला पुढे केलं. माझ्या हुशारीसाठी नव्हे हो, आवाजासाठी!

तेव्हापासून अग्निशमन दलाच्या मॅडम अधूनमधून येतात. धोक्याची घंटा वाजते, लिफ्ट बंद होते आणि मी पाचव्या मजल्यावरून ओरडत सुटते. गॅस बंद करा, मेन स्विच पाडा, अहो काकू, दागिन्यांचा डबा राहू दे, आधी स्वतः चला! लोक हसतात, कुरकुरतात, पण उतरतात. प्रत्येक दार ठोठावून सगळ्यांत शेवटी मी उतरते.

राहता राहिले आमचे हे. हे व्यायामशिक्षक होते. अर्ध्या वस्तीला यांनीच रांगेत उभं राहायला शिकवलं, म्हणून सगळ्यांचे मास्तर. मग अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून डॉक्टरकडे जायचं तर लिफ्टने, तेही आवारात चिटपाखरू नसताना. आंघोळ मी घालायची, दाढी मी करायची. सख्ख्या भावालासुद्धा हात लावू देत नाहीत.

ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्यासाठी मॅडमनी एक घडीची खुर्ची दिली आहे. माणसाला बसवायचं, पट्टा बांधायचा आणि दोघांनी पुढून-मागून उचलून न्यायचं. पण आमची माणसं पडली भिडेची. "मास्तरांना कशाला त्रास?" असं कोणीतरी म्हणालं आणि मास्तरांच्या जागी चौथ्या मजल्यावरचे चष्मेवाले बसू लागले. चष्म्याचं दुकान चालवणारा हा गृहस्थ फुंकर मारली तर उडेल असा. आमच्याच इमारतीतला पेंटर पुढे, शेजारचे बँकवाले मागे आणि मध्ये चष्मेवाले दोन्ही हात हलवत सगळ्यांना नमस्कार करत उतरायचे. लोक हसून लोटपोट. मीही हसायचे. खरे मास्तर आत पलंगावर पेपर वाचत पडलेले असायचे.

एका सरावात खुर्ची तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली. पेंटरने इकडून वळवली, तिकडून वळवली, जमेना. तेवढ्यात चष्मेवाल्यांनी काय करावं? पट्टा सोडला, टुणकन उठले, खुर्ची स्वतःच तिरकी करून खालच्या पायरीवर ठेवली आणि परत ऐटीत बसले. "चला!" सगळे खिदळले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"उठलात कसे?" मी ओरडले.

"अहो वहिनी, अडकली होती ना."

"मास्तर उठतील का?"

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. बिचाऱ्याची काय चूक? इतके दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून मास्तर सोडून बाकी सगळं वाचवलं होतं. तेही टाळ्या वाजवत.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी खुर्चीत तुम्ही बसायचं."

"मी गाठोडं नाही."

"कोण म्हणतंय गाठोडं? सगळी आपलीच माणसं आहेत."

"म्हणूनच." त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. एका हाताने धरला की पेपरचं दुसरं टोक लोंबतं. ते मी नेहमी धरते. त्या दिवशी नाही धरलं.

"आणि खरंच आग लागली तर?"

"ते मी ठरवलंय," ते पेपरमागून म्हणाले. आवाज अगदी शांत, शाळेचं वेळापत्रक सांगावं तसा. "तू दारं ठोठावायची आणि खाली जायचं. माझ्यासाठी थांबायचं नाही. चार माणसांचा जीव एका अर्ध्या माणसापायी घालवायचा नाही. दार ओढून घे, म्हणजे धूर उशिरा येईल."

म्हणजे हा माणूस इथे पडून पेपर वाचत नव्हता, मरायची तयारी करत होता! आणि मी मेली जिन्यात दुसऱ्यांच्या काकूंना ओरडत होते. मला इतका राग आला की रडूसुद्धा येईना. भांडी आपटली, खूप बोलले, स्वतःला अर्धा माणूस म्हणायची यांची हिंमत कशी झाली ते विचारलं. ते ऐकून घेत राहिले. त्यांच्याशी भांडून कधी काही मिळालेलं नाही, ते तेवढे पक्के आहेत.

पुढचा सराव रविवारी सकाळी लागला. मी पेंटरला आणि बँकवाल्यांना आधीच सांगून ठेवलं की आमच्या दाराबाहेर थांबा, मी हाक मारेपर्यंत हलू नका. घंटा वाजली. मी ओरडत सगळी दारं ठोठावली, माणसं उतरवली आणि परत वर घरात येऊन यांच्या पलंगावर बसले.

"जा," हे म्हणाले.

मी पाय वर घेऊन नीट बसले.

"अगं, खाली सगळे वाट बघत असतील. प्रमुख ना तू?"

"असेन."

"हा काय पोरखेळ आहे?"

"तुमचं ठरलंय तसं माझंही ठरलंय," मी म्हटलं. "खरी आग लागली तरी मी इथेच बसणार. हा सराव आहे ना, मग माझा सराव हाच. बसायचा."

ते आधी हसले. मग समजावलं. मग ओरडले, इतके की मैदानावर मुलांवरही कधी ओरडले नसतील. चांगल्या हाताने मला पलंगावरून ढकलायला लागले. मी पलंगाची कड घट्ट धरली. घंटा डोकं उठवत होती. खालून मॅडम माझ्या नावाने हाका मारत होत्या. "ऊठ गं," ते म्हणाले, "ऊठ ना, तुझ्या पाया पडतो," आणि त्यांचा आवाज फाटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्यापुढे कधी गयावया केली नव्हती. माझं काळीज तुटलं. तरी मी हलले नाही.

मग त्यांनी दाराकडे तोंड केलं. "कोण आहे बाहेर? आणा ती खुर्ची!"

उतरणं काय झालं ते काय सांगू! हे चष्मेवाले थोडेच आहेत? पेंटरला दर चार पायऱ्यांनी दम लागत होता. बँकवाले घामाघूम. वळणावर खुर्ची पुन्हा अडकली, यांचा लुळा पाय कठड्यात गेला. शेवटी पट्टा सोडून यांना उचलून घ्यावं लागलं. "मास्तर, गळ्यात हात टाका," पेंटर म्हणाला. हे थबकले. मग त्यांनी उजवा हात पेंटरच्या मानेत टाकला आणि डोळे मिटून घेतले. मी खुर्ची तिरकी करून खाली नेली आणि वळणापुढे त्यांना परत तिच्यात बसवलं.

आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चष्मेवाले पुढे होऊन यांचा सदरा नीट करायला लागले आणि यांनी करू दिला.

मॅडम म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आलात, फार बरं वाटलं."

"ते राहू द्या," हे म्हणाले. "धूर असता तर काय झालं असतं?"

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. "खरं सांगू? तुम्ही चौघंही जिन्यातच राहिला असतात."

हे माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही बया माझ्याशिवाय उतरत नाही. बघितलंत ना? मग मला झटपट उतरायला शिकायला हवं." त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा ओढून घेतला. "चला. लिफ्टने वर न्या. परत."

"आत्ता?" बँकवाल्यांनी कंबर धरली. "मास्तर, पुढच्या रविवारी..."

"आत्ता," हे म्हणाले.