बाम घेणाऱ्या बायका

"मस्त दिसते न वो ताई?" स्टुलावरून उतरत गोपालने विचारलं. "पार चहाच्या टपरीवरून सारं दुकान दिसून राह्यलं."

सुचित्राताईंनी मागे वळून मान वर केली. काउंटरच्या मागच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून कॅमेऱ्याचा नवा टीव्ही लागला होता. त्यात त्यांना आधी दिसला तो स्वतःचा पांढरा भांग. औषधांच्या दुकानांत कॅमेरे लावा, असा वरून आदेश आला होता. नशेच्या गोळ्या पोरांच्या हाती पडू नयेत म्हणून. त्यात वावगं काही नव्हतं.

"आदेश कॅमेऱ्याचा आहे, गोपाल. टीव्ही आत लाव ना."

"लोकायले वचक नको काय?"

"पण बायका..."

"बायकायचं काय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. वाक्य अर्धं सोडायची त्यांची सवय जुनी होती. गोपालच्या वडिलांनी त्यांना फार्मासिस्ट म्हणून ठेवलं, तेव्हा गोपाल चड्डीत हिंडत होता. लग्न त्यांचं जमता जमता राहून गेलं. दुकान तेवढं राहिलं.

दारव्ह्याच्या आठवडी बाजाराला खेड्यांवरून जीपा भरून बायका येतात. एखादी पायरी चढते, "बाम द्या" म्हणते, बाम घेते आणि जात नाही. पिशवी आवरते, पदर आवरते. सुचित्राताईही घाई करत नाहीत. बाजूचा माणूस हलला की बाई पुढे वाकते आणि खरं काय हवं ते सांगते. महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट, नाहीतर निरोध, नाहीतर वेळ चुकल्यावर तीन दिवसांच्या आत घ्यायची ती एक गोळी. गर्भपाताच्या औषधाला डॉक्टरची चिठ्ठी लागते, या गोळीला लागत नाही. कायदा इतका साधा होता. पण बायकांना कायद्यापेक्षा बामचाच आधार जास्त, असं सुचित्राताईंना वाटे. आसपासच्या गावांतून न उघडलेले बाम किती पडले असतील, देव जाणे.

टीव्ही लागल्यावरच्या पहिल्या बाजाराला दुपार कलली तरी एकही बाम खपला नव्हता.

मग निकिता आली. कडेवर तान्ही पोर. तिची दोन्ही बाळंतपणं सिझरची. दुसऱ्या वेळी रक्त चढवून कसंबसं वाचवलं होतं तिला, आणि इतक्यात पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लोहाच्या गोळ्या नेता नेता तिनेच हे सांगितलं होतं.

"बाम द्या, ताई."

बाम घेऊन ती थांबली. गोपाल आत खोकी लावत होता. ती पुढे वाकली. "ताई, परवा राती..."

"अबे, वैनी टीव्हीत आली, पाय!" टपरीवरून शंकरसिंग ओरडला. तिच्याच गावची जीप चालवायचा तो. "कोनती दवाई घेऊन राह्यली वो? दादाले सांगू काय?"

टपरी हसली. हसण्यात विखार नव्हता, नुसती गंमत होती. निकिताने वर पाहिलं. टीव्हीत ती होती, पोर होती, आणि काउंटरवर पुढे आलेला तिचा हात होता. तिने हात मागे घेतला.

"बामच पायजे होता," असं म्हणून ती पायरी उतरली.

परवा रात्री. म्हणजे उद्यापर्यंत घ्यायलाच हवी. पुढच्या बाजारापर्यंत फार उशीर झालेला असेल. सुचित्राताई बसून राहिल्या. दुकानाबाहेर जाऊन औषध विकायचं नाही, हा नियम त्यांनी जन्मात मोडला नव्हता. आपण उगाच लुडबुड करतोय का? तिने मागितली कुठे होती? कदाचित दुसरंच काही सांगायचं असेल. तिच्या घरी कळलं तर? असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी खणातून गोळी काढली, पर्समधले पैसे गल्ल्यात टाकले आणि बिलावर नाव घातलं ते स्वतःचं. आपण विकत घेतलेली वस्तू कुणाला द्यावी, याबद्दल नियम नव्हता. बामच्या रिकाम्या खोक्यात गोळी सरकवताना टपरीकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

गोपालने बिल उचललं. "ताई, हे तुमच्या नावावर? पण तुमाले..."

आज वाक्य अर्धं सोडायची पाळी त्याची होती.

सुचित्राताई थांब्यावर पोचल्या तेव्हा शंकरसिंगची जीप भरत आली होती. मागच्या बाकावर निकिता आणि तिची सासू बेबीताई, पायाशी बाजाराच्या पिशव्या.

"अगं, तुला जुना बाम दिला गेला," सुचित्राताई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच खोटा वाटला. "हा घे. आजच वापर."

निकिताचा हात उठायच्या आत बेबीताईंनी खोकं घेतलं. "आना इकडं. माहे गुडघे ठणकून राह्यले कालपासून."

त्यांनी खोकं उघडलं. आत पाहिलं. निकिताने पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"काकू, निघाचं काय?" शंकरसिंगने हॉर्न दिला.

"थांब न रे मेल्या! आग लागली काय तुह्या घराले?"

बेबीताईंनी खोकं हळूच मिटलं आणि सुनेच्या पिशवीत, कांद्यांच्या खाली सरकवलं. "हे नाई चालत माह्या गुडघ्याले. तुह्यंच हाय, तुले लागन." मग सुचित्राताईंकडे वळून, "आमच्या फडताळात हायेत तुमच्या दुकानातले बाम. तवा तुमचे केस काळे होते, ताई."

जीप गेली.

पायरी चढताना सुचित्राताईंना टीव्हीत एक वाकलेली बाई येताना दिसली. बिल गोपालने बाकीच्या बिलांत लावून टाकलं होतं. टीव्ही होता तिथेच होता.

बाजार उठायच्या वेळी हिरव्या लुगड्यातली एक बाई पायरीशी थांबली. तिने बामच्या फळीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. सुचित्राताई उठून उभ्या राहिल्या. टीव्हीत दोघी समोरासमोर होत्या. बाईने पदर कपाळावर ओढला आणि ती गर्दीबरोबर पुढे चालू लागली.

प्रत्येकीच्या मागे कुठवर जाणार? सुचित्राताईंनी फळीवरून एक बाम काढला आणि काउंटरच्या कडेला ठेवला. दुकान बंद होईपर्यंत तो टीव्हीत दिसत राहिला.