पान ठेवायचं की काढायचं

पांढुर्ण्याच्या संत्रा पॅकिंगच्या शेडमध्ये छाया आठ वर्षांपासून गजानन आणि अमिताच्या मधोमध बसून संत्री निवडायची. तिघांचा डबाही एकत्र. त्या आठवड्यात मात्र गजानन-अमिताचं चांगलंच वाजलं. कारण एवढंसं: देठाला पान ठेवायचं की काढायचं.

"पान असलं की माल ताजा दिसते," गजानन म्हणाला.

"अन् पानासाठी लांब ठेवलेला देठ बाजूच्या संत्र्याले टोचते, ते नाई दिसत तुमाले?" अमिता उसळली.

दुसऱ्या दिवशी दोघांचं बोलणं बंद. सगळा भार छायावर.

"छाया, त्याले सांग, कैची दे म्हणा."

"छाया, तिले सांग, कैची काई तिच्या माहेरची नाई."

छायानं कैची उचलून अमिताच्या हातात दिली. निरोप तेवढे गिळले. दुपारी अमितानं डबा उघडता उघडता विचारलंच, "तू कोनाच्या बाजूनं हायेस वो?"

"मी कोनाच्याच नाई, ताई. तुमी दोघंबी मले पाह्यजे."

त्यावर दोघंही फुगली. छायाला घास गोड लागेना, पण ती हलली नाही.

चौथ्या दिवशी शेडचे मालक बापूजी स्वतः आले. "छाया, तू मधी बसून राहिली. कोनाचं खरं?"

सगळ्यांचे हात थांबले. छाया उठून उभी राहिली.

"बापूजी, मी पाह्यलं तेवढं सांगतो. इथं जवळच्या सौसरच्या बाजारात पानवाल्या पेट्या आधी उठल्या. दूर गेलेल्या पेटीचा फोटो आला, त्यात पंधरा संत्री टोचलेली होती. कोनाचं खरं, ते तुमी ठरवा."

बापूजी हसले. "मंग जवळच्या मालाले पान ठेवा, दूरच्याचं काढा."

ते गेले तशी अमिता कडाडली, "आठ वर्षं सोबत जेवली, अन् माहं नाव नाई घेतलं हिनं!"

"माहं तरी कुठं घेतलं?" गजानन बोलून गेला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग अमिताला आधी हसू फुटलं, पाठोपाठ गजाननला. छायाच्या तर डोळ्यांत पाणीच आलं हसून.

पाचच मिनिटांत गजानननं नवीन काढलं, "नागपूर जवळ धरायचं की दूर?"

"दूर!"

"अवो, दीड-दोन तासाचा तर रस्ता हाय!"

संध्याकाळपर्यंत नागपूर चार वेळा जवळ आलं, चार वेळा दूर गेलं. छायाला कोणी काही विचारलं नाही.